घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत, कोणतं उपकरण घ्यावं?

जुनी_पेटी

नमस्कार मंडळी,

कपाटाच्या वरच्या फळीवरची दोन खोकी परवा खाली काढली. एकात व्हीएचएस कॅसेट, मोजून ११. दुसऱ्यात हातातल्या कॅमेऱ्यांच्या लहान कॅसेट, ६ हाय८ आणि ४ मिनीडीव्ही. सगळं घरचं चित्रीकरण, बाबांनी केलेलं. बाबा आता नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे या २१ कॅसेटमध्ये ते कुठेच दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ते तारीख आणि कॅसेटचा नंबर बोलायचे, मग "हं, चला" म्हणायचे.

हे सगळं संगणकावर घ्यायचं आहे. आठवडाभर शोधाशोध केली आणि गोंधळ वाढलाच. तीन प्रकारची उपकरणं दिसतात. एक म्हणजे पेनड्राइव्हएवढी यूएसबी डबी, तिला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लागतात. दुसरा 'एव्ही टू एचडीएमआय' लिहिलेला ठोकळा, त्याच्या पुढे आणखी एक एचडीएमआय कॅप्चर लावायचं. तिसरी स्वतःचा छोटा पडदा असलेली पेटी, ती संगणकाशिवाय थेट मेमरी कार्डावर रेकॉर्ड करते. यातलं कोणतं घ्यावं?

व्हीएचएस वाजवणारा व्हीसीआर घरात आहे, चालतो. हाय८ आणि मिनीडीव्हीचे दोन्ही कॅमेरेही आहेत, चार्जरसकट. तांत्रिक माहिती बेताची आहे, पण शिकायची तयारी आहे. हे काम एकदाच होणार, म्हणून नीट करायचं आहे. आगाऊ धन्यवाद.

पाणकावळा

मी तिसऱ्या प्रकारातली पेटी वापरली. दोनच कॅसेट होत्या. पिना खोचल्या, बटण दाबलं, कॅसेट संपेपर्यंत चालू ठेवलं, झालं काम. फोनवर छान दिसतं. संगणकाची भानगड नको असेल तर हेच घ्या. नंतर व्हीसीआरही एका ओळखीच्यांना देऊन टाकला.

चुंबकरेषा

पेटीताई, मी बरीच वर्षं संकलन कक्षात काढली, त्यातली सुरुवातीची सगळी टेपवरच. तुम्ही उपकरण विचारलंत, पण मी आधी वेगळंच विचारतो. व्हीसीआर कोणता आहे, आणि त्याचे हेड शेवटचे कधी साफ झाले?

का ते सांगतो. हेड म्हणजे फीत वाचणारा भाग, आणि कॅसेटवरचं चित्र फक्त त्यातूनच बाहेर येतं. व्हीसीआरच्या आतलं ते चकचकीत ड्रम पाल या आपल्याकडच्या चित्रपद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २५. फीत त्याच्याभोवती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटीमीटर सरकते. त्या स्पर्शात जे निसटलं ते पुढचं कुठलंही उपकरण परत आणू शकत नाही. म्हणून पहिला पैसा आणि पहिला रविवार व्हीसीआरवर घालवा, डबी नंतर.

आणि व्हीसीआर आहे तर तो जपा. व्हीएचएस १९७६ मध्ये आली, आणि सर्वांत शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे आहेत ते सगळे जुने. रबरी रोलर कडक होतात, पट्टे सैल पडतात, हेड झिजतात, आणि सुटे भाग मिळत नाहीत. युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनिचित्र संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' नावाचा प्रकल्प सुरू केला तो याच काळजीपोटी. मोठमोठ्या संग्रहालयांचीही अडचण तीच आहे: फीत कदाचित टिकेल, पण ती वाजवणारं यंत्र टिकणार नाही.

आता तुमचे तीन प्रकार. एचडीएमआयचा ठोकळा घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. पाल कॅसेटमध्ये दिसणाऱ्या ओळी ५७६, चित्राचं प्रमाण ४:३. हा ठोकळा ते ताणून ७२० किंवा १०८० ओळींचं करतो, बरेचदा आडवंही फाकवतो, आणि चित्राचे एकाआड एक ओळींचे दोन अर्धे स्वतःच्या मनाने जोडून टाकतो. एकदा असं झालं की मूळचं परत मिळत नाही. कार्डावर रेकॉर्ड करणारी पेटी चालते, पण ती घेतानाच चित्र दाबून लहान करते आणि त्यात आपल्या हातात काही राहत नाही. राहिली यूएसबी डबी. तीत चांगल्या-वाईटाचा फरक फार मोठा आहे. टिकटिक यांना त्यातलं माझ्याहून जास्त कळतं, ते आले तर बरं.

जुनी_पेटी

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. व्हीसीआर साधाच आहे, मागे पिवळी आणि पांढरी एवढ्या दोनच पिना. हेड आमच्याकडे आल्यापासून कधी साफ केलेले आठवत नाहीत.

तुमचा प्रतिसाद वाचून एक कॅसेट लावून पाहिली. चित्र येतं, पण वरचा भाग उजवीकडे कलतो, वाऱ्यावर कापड हलावं तसा. मधूनच सगळं चित्र एकदम उडी मारतं. जुन्या डबा टीव्हीवर असं कधी दिसल्याचं आठवत नाही. फीत खराब झाली का?

चुंबकरेषा

फीत बहुतेक ठीक आहे. काळजी करू नका.

पाल चित्राची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. कॅसेट वाजवताना फीत किंचित ताणते, किंचित ढिली पडते, त्यामुळे एखादी ओळ अंमळ लवकर येते, एखादी उशिरा. जुना डबा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, ओळ जेव्हा येईल तेव्हा तिच्यामागे जायचा. डिजिटल उपकरण तसं करत नाही. ते घड्याळ लावून बसतं आणि ओळ वेळेवर आली नाही तर आहे तिथेच कापतं. म्हणून चित्राचा माथा कलतो. आणि अख्खी फ्रेमच हुकली की उडी दिसते, मग आवाजही मागेपुढे व्हायला लागतो.

यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, आम्ही टीबीसी म्हणायचो. तो प्रत्येक ओळ क्षणभर स्मृतीत धरतो आणि ठरल्या ठोक्यावर पुढे सोडतो. जेव्हीसीच्या वरच्या दर्जाच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये आणि पॅनासोनिकच्या एनव्ही-एफएस२०० मध्ये तो आतच असतो. असा व्हीसीआर ओळखीत कुणाकडे पडून असेल तर दुसरं काही शोधू नका. नसेल तर एक जुनी युक्ती आहे. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावायचे. त्यांच्यावर रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल फक्त त्यांच्यातून जाऊ द्यायचा. एका बाजूने व्हीसीआरची पिवळी पिन आत, दुसऱ्या बाजूने सरळ झालेलं चित्र बाहेर. मेनूत लाइन-इनचं नॉइज रिडक्शन असतं, ते आठवणीने बंद करा, नाहीतर चेहरे मेणासारखे दिसतात. डिस्क ड्राइव्ह बिघडलेला असला तरी यासाठी चालतो, त्यामुळे असे रेकॉर्डर लोक सहज देऊन टाकतात.

हेड साफ करायचं सांगतो, इथे घाई नको. वायर भिंतीतून काढा. झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड, हरणाच्या कातड्यासारखं मऊ मिळालं तर उत्तम. कानात घालायचे कापसाचे बड वापरू नका, त्याचा एखादा तंतू हेडच्या फटीत अडकला तर हेड गेलाच समजा. ओलं कापड ड्रमला एका जागी हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमची वरची कड धरून ते सावकाश फिरवा. हात वर-खाली चुकूनही नेऊ नका. काळपट रेघ कापडावर उतरेल, ती उतरायची थांबेपर्यंत जागा बदलून करत राहा. मग अर्धा तास वाळू द्या.

टिकटिक

व्यनि (व्यक्तिगत निरोप) मिळाला, आलो.

यूएसबी डबीबद्दल. 'इझीकॅप' नावाने जे मिळतं ती एक वस्तू नाही. बाहेरून सारखी दिसणारी खोकी आणि आत निरनिराळ्या चिप: एसटीके११६०, ईएम२८६०, सोमॅजिक, यूटीव्ही००७. एकाला चांगली लागते, दुसऱ्याला तेच खोकं घेऊन ड्रायव्हरच मिळत नाही. काही डब्यांना अंधाऱ्या किंवा डळमळीत कॅसेटवर कॉपी-संरक्षण असल्याचा भास होतो आणि घरच्याच चित्रीकरणावर काळा पडदा येतो. माझा सल्ला, हॉपॉजची यूएसबी-लाइव्ह २ घ्या. तिला पिवळ्या पिनेबरोबर एस-व्हिडिओही आहे आणि ती चित्र न दाबता संगणकाला देते. एल्गाटोची व्हिडिओ कॅप्चर लावायला सर्वांत सोपी, पण ती ६४० बाय ४८० वर आणून एच.२६४ या दाबलेल्या प्रकारातच साठवते. फक्त बघायचं असेल तर ठीक, जपून ठेवायचं असेल तर नाही. फायरवायर नावाची जोडणी असलेला जुना संगणक हाताशी असेल तर कॅनोपसची एडीव्हीसी-११० हाही चांगला पर्याय आहे. ती चित्राचं डीव्ही, म्हणजे मिनीडीव्हीवर असतं तसं, करून देते आणि आवाज चित्राला बांधून ठेवते.

एस-व्हिडिओवर भर का? पिवळ्या पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले असतात, ते परत वेगळे करताना कडांवर ठिपके रांगताना दिसतात. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे राहतात. तुमच्या व्हीसीआरला ती सोय नाही, पण रेकॉर्डर मध्ये आलाच आहे तर त्याच्यातून डबीपर्यंत तरी एस-व्हिडिओ वापरा. हाय८ कॅमेऱ्याला मात्र एस-व्हिडिओ असायची शक्यता दाट आहे, तिथे नक्की वापरा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० रेषांचा, हाय८मध्ये ४०० च्या आसपास. फरक दिसतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कॅसेटवर सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात, ५० अर्धी असतात. एकात विषम ओळी, पुढच्यात सम. ही दोन अर्धी वेगवेगळ्या क्षणांची आहेत. कुणी हात हलवत असेल तर फाइल थांबवून बघा, हाताच्या कडेला फणीचे दात दिसतील. ते दोष नाहीत, दोन क्षण एकमेकांत विणलेले आहेत. घेताना ते तसेच राहू द्या. ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, २५ फ्रेम. साठवायला हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१, म्हणजे काहीही न गमावता दाबणारे प्रकार. अजिबात न दाबता एका तासाला सुमारे ७५ जीबी होतात, या प्रकारांत साधारण ३० ते ३५. विंडोजवर व्हर्च्युअलडब२ या प्रोग्रामचा कॅप्चर मोड वापरा, त्यात किती फ्रेम गळल्या आणि किती घुसवल्या ते आकडे समोर दिसतात. ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम इतर कामांना उत्तम आहे, पण ही अर्धी चित्रं तो जशीच्या तशी साठवत नाही.

बघायच्या प्रती नंतर बनवा. क्यूटीजीएमसी नावाचं फिल्टर ५० अर्ध्यांतून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं करतं, हालचाल पाण्यासारखी दिसते. तेवढी खटपट नको असेल तर एफएफएमपेग या प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ. एच.२६४ मध्ये ८ मेगाबिटने तासाला ३.६ जीबी, नातेवाइकांना पाठवायला सोपं.

(कॅसेट दुसऱ्या देशात चित्रित झालेली असेल तर ती एनटीएससी या दुसऱ्या चित्रपद्धतीची असू शकते. मग ४८० ओळी आणि २९.९७ फ्रेम. आधी एवढं तपासा.)

निळीशाई

मिनीडीव्हीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पेटी, त्या चार कॅसेटना यातलं काहीच लावू नका! मिनीडीव्ही आधीच डिजिटल आहे. तिचं चित्र पिवळ्या पिनेतून काढून परत डिजिटल करणं म्हणजे छापील पुस्तकाचा फोटो काढून तो पुन्हा टाइप करण्यासारखं. कॅमेऱ्यावर डीव्ही किंवा आय-लिंक लिहिलेलं छोटं भोक असेल. तिथून फायरवायर वायरने संगणकाच्या फायरवायर कार्डात. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे प्रोग्राम. यात रूपांतर काही होत नाही, फितीवरचे आकडे तसेच्या तसे उतरतात, तासाला सुमारे १३ जीबी. कॅमेऱ्याला यूएसबीचंही भोक असेल, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटोंसाठी किंवा लहान आकाराच्या चित्रासाठीच असतं, त्याच्या नादी लागू नका.

आणखी एक. मिनीडीव्हीत प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रीकरणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. थेट उतरवलं तर ती टिकते, पिनेतून घेतलं तर हरवते. आमच्याकडे एका प्रवासाचं वर्ष कोणतं यावर दोन बहिणींचं एकमत होत नव्हतं, ते या नोंदीने मिटलं.

चित्रीकरण एलपी मोडमध्ये असेल, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं, तर शक्यतो ज्या कॅमेऱ्याने घेतलं त्यानेच वाजवा. दुसऱ्यात चित्र चौकोनांत फुटतं.

पाणकावळा

सगळं वाचतो आहे. पण एक प्रामाणिक प्रश्न. घरच्या चित्रीकरणाला एवढं सगळं लागतं का? व्हीएचएस मुळातच धूसर. ३० जीबीची फाइल केली म्हणून ते स्पष्ट होणार आहे का?

चुंबकरेषा

रास्त प्रश्न. स्पष्ट होणार नाही. पण जे आहे ते पुन्हा कमी होऊ नये, एवढ्यासाठी हे आहे. धूसर चित्रात आधीच थोडं असतं, त्यातून दाबादाबी करून आणखी काढलं तर चेहऱ्याचं काही उरत नाही. दोन कॅसेट असतील आणि कधीतरी बघायच्या असतील तर तुमची पेटी वाईट नाही, हेही म्हणतो. पेटीताईंना 'एकदाच आणि नीट' करायचं आहे म्हणून हा लांबचा रस्ता सांगितला.

तुमची फाइल मात्र एकदा मोठ्या पडद्यावर लावून बघा. पळणारं मूल, झोका, असं काही असेल ते दृश्य बघा.

सायंतारा

हा धागा मला चार वर्षांपूर्वी हवा होता.

आम्ही नऊ कॅसेट बाहेर एकांना दिल्या. नाव लिहीत नाही. व्यवस्थित डीव्हीडी मिळाल्या, वर छान छापील नावं. घरी लावल्यावर कळलं की प्रत्येक कॅसेटचा आरंभ आणि शेवट कापला आहे. विचारलं तर म्हणाले, तिथे नुसती जमीन दिसत होती, मुंग्या येत होत्या, निरुपयोगी भाग होता.

त्या निरुपयोगी भागात माझी आजी होती. कॅमेरा खाली धरलेला, पडद्यावर फक्त फरशी आणि कुणाचे तरी पाय, आणि मागून तिचा आवाज, "झाला का रे बंद तो?" तिचा आवाज असलेली तेवढीच एक जागा आहे. कॅसेट परत घेतल्या होत्या म्हणून वाचलं. आता मी स्वतः पुन्हा करते आहे.

बाहेर देणार असाल तर आधीच लिहून द्या: पूर्ण लांबी, काहीही कापायचं नाही, मूळ मोठी फाइल पाहिजे, डीव्हीडी नको, सगळ्या कॅसेट परत पाहिजेत.

जुनी_पेटी

सायंतारा, तुमचा प्रतिसाद वाचून कॅसेट बाहेर द्यायचा राहिलासाहिला विचारही सोडला. बाबांचं बोलणं नेमकं सुरुवातीलाच आहे, काळ्या पडद्यावर. लेन्सचं झाकण काढायच्या आधी बोलायचे ते. कुणीही कापलं असतं.

एक शंका. व्हीएचएसमधल्या एका कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. धूळ असेल का? लावून बघू?

चुंबकरेषा

लावू नका. ती बुरशी आहे.

ती कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली तर बुरशी हेडवर बसेल आणि तिथून बाकीच्या दहांवर जाईल, शिवाय चिकटलेली फीत फाटू शकते. आजच झिपच्या पिशवीत सीलबंद करून कोरड्या जागी वेगळी ठेवा. वर ठळक लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी लावणार नाही. बुरशी काढायचं काम मास्क लावून, त्याच कामासाठी ठेवलेल्या वेगळ्या यंत्रावर करतात. ही एकच कॅसेट जाणकाराकडे द्या, सायंतारांनी लिहिलेल्या अटींवर.

बाकीच्यांना लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, ताण सारखा होतो. मागची प्लास्टिकची खूण तोडलेली आहे का बघा, नसेल तर तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. हाय८ आणि मिनीडीव्हीला सरकणारी खूण असते. आणि कॅसेट गार जागेतून आणली असेल तर काही तास खोलीत राहू द्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दवाची सूचना आली तर जबरदस्ती करू नका.

जुनी_पेटी

तीन आठवड्यांनी आले आहे.

हेड साफ केले. कापडावर जे उतरलं ते बघून चुंबकरेषा यांना मनातल्या मनात नमस्कार केला. ओळखीत एक जुना ईएस१० मिळाला, डिस्कचा ट्रे उघडत नाही, पण सिग्नल आरपार जातो. तो मध्ये लावला आणि चित्राचा माथा सरळ उभा राहिला! त्याच कॅसेटचं आधीचं आणि नंतरचं शेजारी लावून घरच्यांना दाखवलं.

पण अडचण आली. पहिली कॅसेट घेतली, पाच मिनिटांपर्यंत सगळं जुळलेलं, चाळिसाव्या मिनिटाला ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो. व्हर्च्युअलडबमध्ये गळलेल्या फ्रेम ३१२ दाखवतं. आता काय?

टिकटिक

दोन प्रश्न. आवाज त्याच यूएसबी डबीतून घेताय की लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून? आणि फाइल कुठे साठवताय?

जुनी_पेटी

आवाज डबीतूनच. फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डबी आणि डिस्क दोन्ही एकाच यूएसबी हबला लावल्या आहेत.

टिकटिक

सापडलं. हब काढा. डबी थेट लॅपटॉपला, फाइल आधी आतल्या डिस्कवर, कॅसेट संपल्यावर बाहेर हलवा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झोपेचा आणि वीज वाचवण्याचा मोड बंद करा, अँटिव्हायरसची तपासणी त्या वेळी नको. मागे इतर काही उघडं ठेवू नका. (लॅपटॉपच्या भोकातून आवाज घेतला असता तर दोन वेगळी घड्याळं चालली असती आणि एकही फ्रेम न गळता आवाज सरकला असता. ते तुम्ही टाळलंत.)

जुनी_पेटी

३१२ वरून शून्य. पूर्ण दोन तासांची कॅसेट, एकही फ्रेम नाही गळली. टिकटिक, काय बोलू!

पाणकावळा

मोठ्या पडद्यावर बघितलं. बघायला नको होतं असं वाटलं. मुलगी झोक्यावर आहे, आणि झोका झटके घेत जातो. चेहरा आडवा फाकलेला, चित्राचा माथा कललेला. फोनवर हे काहीच कळलं नव्हतं. कॅसेट आहेत, पण व्हीसीआर दिला तो दिलाच. ज्यांना दिला त्यांनी पुढे भंगारात घातला.

सायंतारा

साठवण्याबद्दल थोडं. मी प्रत्येक मोठी फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवते, एक घरी आणि एक बहिणीकडे. बघायच्या लहान प्रती क्लाउडवर. वर्षातून एकदा डिस्क लावून फाइली उघडतात का बघते आणि चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना ते दाखवणारा आकडा, ताडते. फाइलच्या नावात वर्ष, कॅसेटचा नंबर आणि प्रकार एवढंच घालते. कॅसेट टाकलेल्या नाहीत, उभ्या ठेवल्या आहेत, पुस्तकांसारख्या.

जुनी_पेटी

झालं. व्हीएचएस १०, हाय८ ६, मिनीडीव्ही ४. अकरावी व्हीएचएस पिशवीत बंद आहे, एका जाणकारांशी बोलणं चालू आहे, अटी लेखी दिल्या आहेत.

हाय८ कॅमेऱ्याच्या एस-व्हिडिओतून घेतल्या. टिकटिक म्हणाले तसंच, व्हीएचएसपेक्षा कितीतरी टवटवीत. फितीवर ओल्या पानांचा हिरवा रंगसुद्धा शिल्लक आहे. मिनीडीव्ही फायरवायरने उतरवल्या, कार्ड जुन्या संगणकात बसवून.

निळीशाई, तुम्ही सांगितलेली तारखेची नोंद मोठ्या अपेक्षेने काढली. चारही कॅसेटवर १ जानेवारी. एकीवर तर भर उन्हाळ्यातलं चित्रीकरण आहे आणि नोंद १ जानेवारी. कॅमेऱ्याच्या आतला घड्याळाचा सेल तेव्हाच संपलेला असणार. मग बाबा दर वेळी तारीख तोंडाने का सांगायचे ते मला इतक्या वर्षांनी कळलं. आम्हाला वाटायचं, हौस आहे. २० कॅसेटच्या २० तारखा त्यांच्या आवाजात आहेत, काळ्या पडद्यावर, आणि मी त्या ऐकून फाइलींना नावं दिली.

पाणकावळा, व्यनि केला आहे. व्हीसीआर, ईएस१० आणि डबी एकत्रच देते, वायरींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. हेड परत साफ करून ठेवले आहेत. तुमच्या दोन कॅसेट झाल्या की सायंतारांना पाठवा, त्यांच्या चार राहिल्या आहेत. खोकं उभं धरू नका, आडवंच न्या.